न्हायला नेलेला वीर : गोदाकाठच्या एका दगडाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकच्या पूर्वेला, गोदावरीच्या काठावरच्या एका गावातलं आहे. गावाचं नाव आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असे दोन-तीन तपशील गावाच्या सांगण्यावरून वगळले आहेत. बाकी घडलं तसं लिहिलं आहे. या कामात मी कोरीव लेखांचे कागदावर ठसे घेणारी सहायक होते. एक मोठी चूक माझ्या हातून झाली, तीही इथे येईल.

ज्यांच्याभोवती हे प्रकरण फिरतं त्या पुरातत्त्वज्ञ बाई आता निवृत्त आहेत. त्यांचं लहानपण जुन्या नाशकात, मातीच्या गढीजवळ गेलं. १९५०-५१ साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशकात उत्खनन केलं, त्या गोष्टी बाईंनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकल्या होत्या. पुढे पुण्यात शिकून त्यांनी तीस वर्षं एकाच प्रश्नामागे घालवली: मातीत सापडलेल्या वस्तूंवरून माणसांचा विधी कसा ओळखायचा?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत लहान मुलांना दोन रांजणांची तोंडं जुळवून घराच्या जमिनीखाली पुरलेलं सापडलं. मोठ्यांच्या सांगाड्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली होती. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून हे केलं असावं, असा अंदाज अभ्यासक करतात. पण तो अंदाजच. बाई विद्यार्थ्यांना नेहमी बजावत, "कृती दिसते, श्रद्धा दिसत नाही. दिसत नाही ते दिसल्यासारखं लिहू नका." नाणेघाटाच्या लेण्यातल्या सातवाहन राणीच्या लेखाबद्दलही त्या हेच सांगत. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची मोठी यादी तिथे आहे, पण यज्ञ कसा झाला हे कळत नाही. कळतं ते दक्षिणेचं: किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी. विधी संपला, हिशोब तेवढा दगडावर राहिला.

त्यांचं दुसरं काम लोकशिक्षणाचं. नोकरीत असल्यापासून त्या शाळेतल्या मुलांना नाशिकजवळच्या बौद्ध लेण्यांवर, म्हणजे पांडवलेण्यांवर नेत. तिथे आलेला प्रत्येक जण पांडवांबद्दल विचारतोच. सुरुवातीच्या वर्षांत बाई पहिल्याच वाक्याला "यांचा पांडवांशी काही संबंध नाही" असं सांगून मोकळ्या होत. मुलं गप्प बसत, आणि पुढचं कुणी ऐकत नसे. मग त्यांनी सुरुवातच बदलली. मुलांना थेट दहाव्या लेण्यात न्यायचं, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख दाखवायचा आणि गणित घालायचं. उषवदाताने नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १००० ठेवले, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज किती? मुलं बोटांवर मोजून २४० सांगतात. मग बाई लेखातली पुढची ओळ वाचतात: इथे वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण, चीवरांसाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. वीस गुणिले बारा. उत्तर जुळलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दोन हजार वर्षांपूर्वीचं व्याज आपण आत्ता तपासलं, हे त्यांना तिथे उभं राहून समजतं. त्यानंतर पांडवांचा प्रश्न मुलं स्वतःच सोडवतात.

हे सविस्तर सांगितलं, कारण पुढच्या प्रकरणात बाईंना हेच सगळं पुन्हा, एका वेगळ्या जागी शिकावं लागलं.

दगड

गावाच्या वेशीवर एका ओट्यावर 'वीरबाबा' आहे. चारेक फूट उंचीचा उभा दगड. वर्षानुवर्षं तेलात कालवलेला शेंदूर चढत गेल्याने त्याला डोळे लावलेल्या लाल खांबाचं रूप आलेलं होतं. गावातल्या एका भावकीचा तो मूळपुरुष. गाई सोडवताना मेला, असं ते सांगतात. धुळवडीला त्याला नारळ फुटतो. घराघरांतल्या देवघरातले वीरांचे टाक (धातूच्या पत्र्यावर ठसवलेल्या प्रतिमा) त्याच दिवशी नदीवर नेऊन न्हाऊ घालतात. नाशकात धुळवडीला वीर मिरवत गंगेवर नेतात, तशीच ही गावातली रीत. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, म्हणून इथेही तसंच म्हणते.)

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर वेशीवरचा रस्ता रुंद करताना जेसीबीचा धक्का ओट्याला बसला. दगड आडवा पडला आणि मधोमध तुटला. पडताना वरच्या भागावरचं शेंदराचं कवच एका बाजूने सुटलं. खाली कोरीव काम होतं. वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा माणूस, त्याखाली दोघी अप्सरांच्या मधला वीर. म्हणजे तो वीरगळ होता, लढताना मेलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी लढाई, मध्ये स्वर्गाकडे जाणं, वर देवापुढे बसणं. दोन चौकटींमधल्या पट्टीवर मात्र अक्षरं होती, आणि महाराष्ट्रातल्या वीरगळांवर लेख सहसा नसतो.

शाळेतल्या एका शिक्षकांनी बाईंच्या सहलीला पूर्वी मुलं आणली होती. त्यांनी फोन केला. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो.

पेच

गावाच्या दृष्टीने अडचण सरळ होती. खंडित झालेलं पूजेत ठेवायचं नाही. वीराला गंगेत विसर्जन करायचं आणि ओट्यावर नवा दगड बसवायचा. गुरवांनी अमावास्येचा दिवसही सुचवला होता. आठ दिवस हातात होते.

आमच्या दृष्टीने हा बहुधा यादवकाळाच्या आसपासचा, लेख असलेला वीरगळ होता. सिन्नर आणि चांदवड या यादवांच्या सुरुवातीच्या राजधान्या इथून फार लांब नाहीत. लेखाची एक पट्टी वरच्या तुकड्यावर दिसत होती. दुसरी पट्टी खालच्या तुकड्यावर असणार, पण तिथला शेंदूर जागचा हलला नव्हता.

आणि एक तिसरी गोष्ट होती, जी पहिल्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आली नाही. त्या दगडावर एखाद्या माणसाचं नाव असेल, तर ते भावकी ज्याला मूळपुरुष मानते त्याचंच असेल असं नाही. आम्ही अक्षरांकडे बघत होतो तेव्हा भावकीतली म्हातारी माणसं आमच्याकडे बघत होती. बाई हे नंतर पुष्कळदा बोलून दाखवत.

माझी चूक

त्या दुपारी मी दोन्ही तुकड्यांचे फोटो काढले. ऊन डोक्यावर होतं. सपाट उजेडात झिजलेली अक्षरं दिसत नाहीत, त्यासाठी रात्री एका बाजूने तिरका प्रकाश पाडून फोटो घ्यावे लागतात. ते मी दुसऱ्या दिवशीवर ढकललं. मात्र परतताना गाडीतून वरच्या तुकड्याचा फोटो इतिहासप्रेमींच्या एका व्हॉट्सॲप गटावर टाकला, गावाच्या नावासकट. कुणीतरी लिपीतज्ज्ञ पाहील आणि पटकन वाचून देईल, एवढाच हेतू होता.

दुसऱ्या दिवशी बाईंना ताप होता, म्हणून गेलो नाही. तोवर फोटो पुढे पुढे गेला होता. तिसऱ्या दिवशी एका ठिकाणी बातमी आली की दगडावर गुप्तधनाचा संकेत कोरला आहे. त्या रात्री कुणीतरी ओट्याखाली कंबरभर खड्डा खणला. पहाटे गावाने तो पाहिला. वीरबाबाची विटंबना झाली, आता थांबायचं नाही, असं म्हणून भावकीतल्या चार तरुणांनी जो तुकडा सहज उचलता येत होता तो बैलगाडीत घालून डोहात सोडला. तो खालचा तुकडा होता. लढाईची चौकट आणि लेखाची दुसरी पट्टी त्यावर होती. त्याचं एकच चित्र आज उपलब्ध आहे: मी भर दुपारी, शेंदरासकट काढलेलं.

बाई मला रागावल्या नाहीत. "आता वरच्या तुकड्यासाठी काय करायचं ते ठरवू," एवढंच म्हणाल्या.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बसून आम्ही चार वाटा कागदावर मांडल्या.

पहिली वाट सरकारी. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कोरीव शिल्पं पुरावस्तू ठरतात आणि दगडी शिल्पांची नोंदणी लागते. तहसीलदारांना लेखी कळवायचं, तुकडा नाशकात नेऊन संग्रहालयात ठेवायचा. तुकडा सुरक्षित राहिला असता, यात शंका नाही. पण बाईंना ही वाट पहिली नको होती. वीरगळाचा निम्मा अर्थ त्याच्या जागेत असतो: वेस, गाईंची वाट, भावकी. संग्रहालयाच्या आवारात रांगेने उभे केलेले वीरगळ आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तिथे तो वीर कुणाचाच नसतो. शिवाय पोलीस बंदोबस्तात देव उचलून नेला, ही आठवण गावात राहिली असती आणि पुढचा दगड सापडल्यावर कुणी फोन केला नसता.

दुसरी वाट, ठसे आणि फोटो घेऊन विसर्जन होऊ द्यायचं. ऐकायला ही हार वाटते, तरी बाईंनी ती खरंच विचारात घेतली. खंडित मूर्तीचं विसर्जन हा अडाणीपणा नव्हे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी आहे, त्यात लाकडाची मूर्ती अग्नीत आणि दगडाची पाण्यात टाकायला सांगितलं आहे. नद्यांच्या डोहांतून जुन्या मूर्ती निघतात त्यामागे केवळ आक्रमणांच्या कथा नसतात, हा विधीही असतो. ज्या बाईने तीस वर्षं प्राचीन विधींचा अभ्यास केला, तिने डोळ्यांदेखत चाललेला विधी अडवायचा का? हा प्रश्न त्यांनी त्या रात्री मोठ्याने विचारला आणि आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं.

तिसरी वाट सरपंचबाईंनी सुचवलेली. तुकडा सिमेंटने ओट्यात बसवायचा आणि वरून पुन्हा शेंदूर. गावातल्या अनेकांना ती चालली असती, पण अक्षरं कायमची गाडली गेली असती.

चौथी वाट शिक्षकांची. नव्या दगडात वीराला उतरवायचं, म्हणजे जुना दगड नुसता दगड राहील आणि तो शाळेत ठेवता येईल. कागदावर सर्वांत नीटस तोडगा हाच होता. मूर्तीतलं तत्त्व कलशात घेऊन ती रिकामी करण्याची पद्धत शास्त्रात आहेच. बाईंना मात्र तो खटकत होता. "आपल्याला दगड हवा आहे म्हणून आपण त्यांना विधी सुचवणार," त्या म्हणाल्या. "हे पुरातत्त्व नाही आणि पौरोहित्यही नाही."

निर्णयाचे क्षण

पहिला निर्णय त्याच रात्री झाला. तहसीलदारांना आणि पोलीस पाटलांना लेखी कळवायचं, पण तुकडा उचलण्याची मागणी करायची नाही. कळवणं हे कर्तव्य होतं आणि खड्डा खणणाऱ्यांना आळा बसणंही गरजेचं होतं. हे बरोबर झालं, असं मला अजून वाटतं. पोलीस पाटलांनी ओट्यावर रात्रीची राखण लावली, ती भावकीतल्याच मुलांची. तुकडा डोहात सोडणाऱ्यांपैकीही दोघे त्यात होते.

दुसरा निर्णय ग्रामसभेतला. बाईंना दहा मिनिटं बोलायला दिली होती. मी त्यांची कितीतरी भाषणं ऐकली आहेत आणि त्या वीरगळ म्हणजे काय, यादव कोण, इथून सुरुवात करतील असं धरून चालले होते. त्या उभ्या राहिल्या आणि आधी माफी मागितली. आमच्या फोटोमुळे ओटा खणला गेला, हे त्यांनी 'आमच्या' असा शब्द वापरून सांगितलं. नंतर म्हणाल्या, "खंडित ते पाण्यात द्यायचं, हे तुमचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. मी ते अडवायला आलेले नाही. मला एवढंच विचारायचं आहे की वीरबाबाचं काय काय तुम्ही करता, ते मला कुणी पहिल्यापासून सांगेल का?"

पुढचा दीड तास लोक बोलले. कोणत्या घरचा मान पहिला, कोणत्या साली पूर ओट्यापर्यंत आला, नवस कसा फेडतात, लग्न झाल्यावर नवरानवरी कुठून वळतात. बाई लिहून घेत होत्या. एखाद्या खोदकामात हे सगळं कधीच मिळत नाही, जे मिळतं ते फुटलेल्या खापरासारखं मिळतं. मध्येच कुणी वणीचा विषय काढला. २०२२ साली सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा थर काढला, दर्शन दीडेक महिना बंद होतं, आतून मूळ रूप दिसलं, हे गावातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. आईचं कवच निघालं तर तिला कुणी बुडवलं नाही, असं एक जण म्हणाला. गुरव लगेच म्हणाले, "आई खंडित नव्हती." मुद्दा बरोबर होता.

तिसरा क्षण म्हणजे बाईंचं गप्प राहणं. त्यांच्याकडे एक बळकट युक्तिवाद होता. वीरगळ ही प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती नव्हे, ते मेलेल्या माणसाचं स्मारक आहे. मूर्ती खंडित झाली की काय करायचं हा नियम त्याला तसाच लागत नाही. माझ्या जिभेवर ते आलं होतं. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांचं म्हणणं नंतर कळलं: बाहेरून आलेल्या माणसाने "हा तुमचा देव नाही" म्हटलं की पुढे काहीच ऐकू जात नाही. पांडवलेण्यांवरचं पहिलं वाक्य त्या विसरल्या नव्हत्या.

भावकीतल्या एक आजी, वय नव्वदीच्या आसपास, ओट्याच्या कडेला बसून होत्या. विसर्जनाच्या दिवसाची चर्चा पुन्हा सुरू झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "वीराला गंगेवर न्हायला नेतात रे. बुडवायला नाही. न्हाऊ घालून घरी आणायचा असतो." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तो मेला तेव्हा धड होता का? तो खंडितच आहे. म्हणून तर वीर झाला."

सभेत कुणी बोललं नाही. गुरवांनी मान डोलावली, आणि ती मान त्या दिवसाचा निकाल होती. वरचा तुकडा धुळवडीपर्यंत देवळाच्या खोलीत राहील, धुळवडीला टाकांबरोबर गंगेवर न्हायला जाईल आणि परत ओट्यावर येईल, असं ठरलं.

मी हा प्रसंग अनेकदा आठवते. बाईंना जे ठाऊक होतं तेच आजींना ठाऊक होतं, पण आजींकडे ते पुस्तकातून आलेलं नव्हतं. बाई बोलल्या असत्या तर आजी बोलल्या नसत्या.

काय केलं

धुळवडीला तीन महिने होते. तेवढ्या वेळात तीन कामं झाली.

शेंदूर काढण्याला गावाने अर्धी परवानगी दिली: जो आधीच सुटला आहे तेवढा काढायचा, धरून बसलेला उकरायचा नाही. शेंदूर म्हणजे शिशाचं संयुग. त्याची भुकटी पोटात किंवा छातीत जाणं घातक असतं. म्हणून मास्क, हातमोजे, मुलांना खोलीबाहेर ठेवणं, आणि कोरडं घासणं पूर्ण बंद. बांबूच्या चपट्या काड्या आणि मऊ ब्रश एवढ्यावर काम केलं. तारेचा ब्रश किंवा आम्ल अजिबात नाही. निघालेला शेंदूर नदीत सोडावा असं गावाला वाटत होतं, पण शिसं पाण्यात सोडायला बाई तयार झाल्या नाहीत. तो पत्र्याच्या डब्यात बंद करून देवळाच्या खोलीत ठेवला. आजही तो तिथेच आहे. त्याचं काय करायचं, यावर दोन्ही बाजूंना पटेल असं उत्तर निघालेलं नाही.

मग ठसे. ओला कागद पट्टीवर पसरून ब्रशने हलके ठोकत अक्षरांच्या खाचांत बसवायचा, वाळत आला की शाईच्या बोळ्याने टिपायचा. खाचा पांढऱ्या राहतात, बाकी काळं होतं. हे काम आम्ही खोलीचं दार बंद करून करणार होतो. शिक्षकांनी विचारलं, सातवीची मुलं बघू शकतील का? शेंदूर काढून, खोली ओल्या फडक्याने पुसून झाल्यावर मुलं आली. चौथा ठसा मुलांनी घेतला आणि तो आमच्या पहिल्यापेक्षा चांगला आला. वहीतल्या देवनागरीशी जुळणारी अक्षरं शोधा, एवढंच बाईंनी सांगितलं. एका मुलीला 'स' आणि 'त' ओळखता आले. मुलं आनंदाने ओरडली तेव्हा बाहेर बसलेली माणसं आत डोकावली. गावाची भीती मला त्या क्षणी पहिल्यांदा कमी झाल्यासारखी वाटली.

वाचन नाजूक होतं. पट्टीवर सहा अक्षरं निश्चित होती आणि ती बहुधा नावाच्या शेवटाची आणि पुढच्या शब्दाची होती. नावाचा उरलेला भाग झिजलेला. बाईंना दोन शक्यता दिसत होत्या. त्यातली एक भावकीच्या परंपरेला जवळची, दुसरी लांबची. दुसरी पट्टी असती तर कदाचित सुटलं असतं. भावकीतल्या एका शिकलेल्या मुलाने आग्रह धरला की जवळची शक्यता लिहून द्या, आम्ही फलक लावतो. बाईंनी नकार दिला. दोन्ही शक्यता सभेत सांगितल्याही नाहीत. निश्चित अक्षरं तेवढी फळ्यावर लिहिली आणि उरलेल्या जागी टिंबं दिली.

पुन्हा उभारणीच्या वेळी सिमेंट नको, चुना हवा, यावर थोडा वाद झाला. सिमेंट कडक बसतं, त्यातले क्षार दगडात उतरतात आणि पुढे काढायची वेळ आली तर दगड फुटतो. गावातल्या गवंड्याला चुन्याचं काम माहीत नव्हतं. जुन्या नाशकातल्या वाड्यांची दुरुस्ती करणारा एक कारागीर आला आणि त्याने दोन दिवसांत गवंड्याला शिकवलं.

धुळवडीला वीर गंगेवर गेला. चार माणसांनी तुकडा पाटावर घेतला होता, पुढे हलगी, मागे घराघरांतले टाक आणि वीरांच्या वेशातली मुलं. पाण्यात बुडवला नाही, काठावर ठेवून कळशीने न्हाऊ घातला. आजींना खुर्चीत बसवून आणलं होतं. परत येताना बाई मिरवणुकीच्या मागे चालत होत्या आणि त्यांनी वही काढली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "आज नको."

निष्पत्ती

तुकडा ओट्यावर उभा आहे. शेंदूर माथ्याला आणि दोन बाजूंना लावायचा, पट्टी मोकळी ठेवायची, असं ठरलं होतं. दोन वर्षं ते पाळलं गेलं. गेल्या वर्षी एका अमावास्येला कुणीतरी नवसाचा लाल ऑइलपेंट पूर्ण दगडावर फासला. हल्ली शेंदराऐवजी ऑइलपेंट सर्रास वापरतात, स्वस्त आणि चकाकतो म्हणून. तो दगडाचा श्वास कोंडतो, ओल आत राहते आणि पापुद्रे सुटतात. तो काढायला अजून गावाची संमती मिळालेली नाही. सध्या लेख पाहायचा तर ठशावरच. एक ठसा शाळेत आहे, एक भावकीकडे, एक बाईंकडे. मुलांचा चौथा ठसाही शाळेतच लावलेला आहे.

मुलांनी त्यानंतर गावातल्या सगळ्या जुन्या दगडांची वही केली. कुणाच्या शेतात, कोणत्या दिशेला तोंड, कोण पूजा करतं, काय गोष्ट सांगतात, हे चार रकाने. त्यात अकरा दगड आहेत. विहिरीवरचा धुणं आपटायचा दगड उलटा करून पाहिला तर तो सतीशिळा निघाला, कोपरात दुमडलेला बांगड्यांचा हात आणि वर चंद्र-सूर्य. वापरणाऱ्या बायकांनी तो स्वतः उचलून वीराच्या ओट्याशेजारी ठेवला. ही वही मला त्या लेखापेक्षा मोठी मिळकत वाटते, आणि हे मी लेखाची पट्टी गमावल्याचं ओझं हलकं करायला म्हणत नाही.

खालचा तुकडा सापडला नाही. पहिल्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पोहणाऱ्या मुलांनी डोह चाचपला. वाळू आणि गाळ भरपूर होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच रात्री तिथे थांबून तिरक्या प्रकाशात दोन्ही तुकड्यांचे फोटो घ्यायला हवे होते. दोन टॉर्च आणि एक तास लागला असता. आता मी कुठेही गेले तरी परतण्याआधी हे करते.

फोटोबरोबर गावाचं नाव जाऊ नये, हे त्याहून महत्त्वाचं. फोनच्या फोटोत जागेची नोंदही लपलेली असते, ती काढून टाकावी लागते. आणि तज्ज्ञाला दाखवायचं तर एका तज्ज्ञाला दाखवावं, गटाला नाही.

बाईंनी दोन्ही शक्यता ग्रामसभेत सांगायला हव्या होत्या का? यावर आमचं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, अर्धवट नावाने भावकीत भांडण लागतं आणि दगडाची किंमत तो दगडच मोजतो. माझं म्हणणं, "दोन वाचनं शक्य आहेत आणि ठरवता येत नाही" हे लोकांना समजतं. सातवीच्या मुलांना ते फळ्यावरच्या टिंबांवरून समजलं होतं. लोकांच्या समजुतीवर विश्वास ठेवायला आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी तिथे तो थोडा कमी ठेवला, असं मला वाटतं. त्यांनी हा मजकूर वाचला आहे आणि हे वाक्य तसंच राहू दे म्हणाल्या.

शेंदूर कुठवर लावायचा ते लिहून ठेवलेलं नव्हतं, नुसतं बोलणं झालं होतं. ज्याने ऑइलपेंट फासला त्याला ते ठाऊकच नव्हतं. ओट्यावर चार ओळींचा फलक असता तर कदाचित वेगळं झालं असतं. आता तो फलक लिहायला घेतला आहे, मजकूर गुरव आणि शाळा मिळून करत आहेत.

येत्या सिंहस्थासाठी नाशिकभोवती रस्त्यांची आणि घाटांची कामं चालू आहेत, आणि वेशीवरचे दगड रस्त्याच्या कडेलाच असतात. शेजारच्या दोन गावांतल्या शाळांनी मुलांच्या वहीची प्रत मागितली. आम्ही त्यात पाचवा रकाना वाढवला: दगड हलवायची वेळ आली तर आधी कुणाला विचारायचं. प्रत्येक गावाने तिथे स्वतःच्या माणसाचं नाव लिहायचं आहे. आमच्या गावाने आजींचं लिहिलं होतं. त्या मागच्या पावसाळ्यात गेल्या. त्या ओळीत अजून दुसरं नाव आलेलं नाही. या मे महिन्यात पाणी उतरलं की मुलं पुन्हा डोहात उतरणार आहेत.